सगळे नॉब सरळ

दसऱ्याच्या संध्याकाळी मी कामावरून आले, तर वरदच्या खोलीचं दार उघडं होतं.

एप्रिलपासून ते दार बंद होतं. कुलूप वगैरे नव्हतं. बंद आहे म्हणजे आत जायचं नाही, हे मी ठरवलं होतं आणि आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते काही न विचारता पाळलं होतं. वरद माझा नवरा. दिवसभर तो एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि जेवण झालं की बॉयलरशेजारच्या या लहानशा खोलीत बसून आवाज करायचा. संगीत हा शब्द तो वापरत नसे. "जरा आवाज करून येतो," म्हणायचा. एप्रिलमध्ये इथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला.

मी आत पाहिलं. टेबलावर धूळ नव्हती. वायरी गुंडाळून रबरबँड लावलेले होते. टेबलाच्या मधोमध जिथे पेटी असायची तिथे काही नव्हतं.

"आई?"

"हॉलमध्ये ये गं. पाय धुऊन ये."

हॉलमध्ये टीव्हीखाली पाट मांडला होता. पाटावर माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली, स्वयंपाकघरातली मोठी सुरी, माझ्या लॅबच्या बॅगेतला जुना कॅल्क्युलेटर, आणि सगळ्यांच्या मध्ये, झेंडूच्या दोन फुलांखाली, वरदची पेटी.

त्या पेटीबद्दल सांगायला हवं. करड्या पत्र्याची, साधारण पोळपाटाएवढी, वर चार ओळींत सोळा नॉब. ती स्वतः आवाज काढत नाही. आवाज काढणारं यंत्र वेगळं, आणि त्याने काय करायचं ते ही पेटी सांगते. एक नॉब सूर वर-खाली करतो, एक आवाजाची धार काढतो किंवा बोथट करतो, एक थरथर वाढवतो. बनवणारे कधीच बंद पडले. वरदने ती लंडनच्या हॅरो भागातल्या एका म्हाताऱ्याच्या गॅरेजमधून आणली होती आणि परत येताना सबंध मोटरवेवर ती माझ्या मांडीवर होती.

तुकडा पुरा झाला की रेकॉर्ड करायचा, पण त्याआधी तो काही सेव्ह करत नसे. "दिवसभर दुसरं काय करतो मी?" असं म्हणायचा. रात्री उठताना नॉब जिथे असतील तिथे सोडायचे, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. त्यामुळे त्याचा शेवटचा तुकडा कुठल्याही फाइलमध्ये नव्हता. तो त्या सोळा नॉबांच्या स्थितीत होता, आणि म्हणून दार बंद होतं.

आता सगळे नॉब सरळ वर पाहत होते. प्रत्येकावर एक पांढरी रेघ असते, नॉब किती फिरवलाय ते दाखवणारी. सोळाच्या सोळा रेघा भिंतीकडे, कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारख्या. प्रत्येक रेघेच्या टोकाला कुंकवाचा ठिपका.

"किती मळ होता म्हणून सांगू," आई म्हणाल्या. "बटणांच्या खाचेत काळं काळं. सगळी काढली, कढत पाण्यात निरमा घालून ठेवली, ब्रशने घासली. आपली शेगडीची बटणं करते ना मी, तशी. बघ कशी लख्ख झालीत."

मी खाली बसले.

"काय झालं? अगं, घरातल्या कर्त्या माणसाचं अवजार आज पूजेवाचून ठेवायचं? तुझा कॅल्क्युलेटर पुजला आणि त्याचं तसंच? त्याला बरं वाटावं म्हणूनच ना सगळं?"

"आई, ते उद्या न्यायचं होतं."

"मग स्वच्छ न्यायला नको?"

उद्या, शुक्रवारी दुपारी, वरदच्या थेरपीचं शेवटचं सेशन होतं. त्याचे डोळे उघडे असतात. तो श्वास घेतो, गिळतो, कधी कधी जांभई देतो. त्यापलीकडे तो आहे की नाही, हे तो एप्रिलनंतर जिथे होता त्या रिहॅब युनिटला ठरवता येत नव्हतं. सोमवारी त्यांची मीटिंग होती. काहीतरी प्रतिसाद दिसला तर थेरपी पुढे चालू. नाही दिसला तर त्याला समुद्राकाठच्या एका नर्सिंग होममध्ये हलवणार, जिथे माणसं चांगली सांभाळतात, कूस बदलतात, पण त्याच्याकडून कुणी काही अपेक्षा करत नाही. त्याची थेरपिस्ट बेथन हिने मला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "एकदा काही हललं, हे मला पुरत नाही, मृणाल. त्याच गोष्टीला तोच प्रतिसाद, एकाहून जास्त वेळा. योगायोग वाटणार नाही असा." आम्ही त्याला त्याची जुनी रेकॉर्डिंगं ऐकवली होती, आईंचा आवाज, पुण्याच्या मित्रांचे निरोप. डोळे खिडकीकडेच.

राहिला होता तो हा अर्धा तुकडा. तो मी आधीच का ऐकवला नाही, असं बेथननेही विचारलं होतं. पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. नमुना एकच असेल तर तो आम्ही सगळ्यात शेवटी वापरतो. मी तिला हेच सांगितलं. खरं एवढंच नव्हतं. तो तुकडा वाजवून वरद हलला नसता, तर मग माझ्याकडे न वाजवलेलं काहीच उरलं नसतं.

"मृणाल, तू बोलत का नाहीस? तुझं हे गप्प बसणं मला नको वाटतं. ओरड हवं तर."

"ओरडून काय होणार आहे, आई?"

"मला कळेल तरी मी काय केलं ते."

मी सांगितलं. नॉब कुठे होते, यातच सगळं होतं, म्हणून. आईंचा हात तोंडाकडे गेला. मग म्हणाल्या, "मला वाटलं बटणं म्हणजे बटणं," आणि आत निघून गेल्या. आतून पाण्याचा नळ नुसताच चालू असल्याचा आवाज येत राहिला.

माझ्याकडे एक फोटो होता. अॅम्ब्युलन्स गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी दारातून फोनवर काढलेला. तिरका होता, वरच्या ओळीवर दिव्याची चमक होती, पण बहुतेक रेघा दिसत होत्या. मी फुलं बाजूला केली, पेटी डायनिंग टेबलावर घेतली, फोटो मोठा केला आणि पहिल्या नॉबपासून सुरुवात केली. फोटोत त्याची रेघ घड्याळातल्या दहाकडे होती. मी दहाकडे नेली. दुसरा, चमकेमुळे नीट दिसत नव्हता, एक असेल किंवा दीड. दीडवर ठेवला. तिरक्या फोटोतून कोन मोजायचा म्हणजे अंदाजच, आणि कानाला अंदाज चालत नाही हे मला ठाऊक होतं. दोन सूर अगदी थोडे वेगळे असले की त्यांच्यात धडधड ऐकू येते, आणि वरदचा सगळा जीव त्या धडधडीत असायचा. तरी मी करत राहिले. न करून करणार काय?

तिसरा नॉब फोटोत पूर्ण उजवीकडे होता, शेवटाला टेकलेला. मी तो उजवीकडे फिरवायला गेले.

तो हलला नाही.

साबणाचं पाणी आत गेलं, जाम झाला, हा पहिला विचार. जरा जोर लावला. नाही. पण डावीकडे तो लोण्यासारखा फिरला. परत उजवीकडे आणला, रेघ सरळ वर आली आणि पुन्हा भिंत. जाम झालेला नॉब असा वागत नाही. असा वागतो तो शेवटाला पोचलेला नॉब.

मी हात काढून घेतला. फोटोत दुसरं टोक शोधलं. तिसऱ्या ओळीत शेवटचा, पूर्ण डावीकडे, शून्यावर. एका बोटाने त्याला डावीकडे ढकलून पाहिलं. जागचा हलला नाही.

"आई! बाहेर या."

त्या पदराने तोंड पुसत आल्या.

"बटणं काढली कशी तुम्ही? नीट आठवून सांगा. फिरवून काढली?"

"फिरवून कशाला? शेगडीची घट्ट बटणं कधी पिळायची नसतात, आतली दांडी तुटते. खालून दोरा अडकवायचा आणि सरळ वर ओढायची. टप्पकन येतात."

"आणि आतल्या दांड्यांना हात लावला?"

"नाही बाई. त्यावर नुसती कोरडी फुंकर मारली. म्हटलं, विजेची वस्तू आहे."

"आणि परत बसवताना?"

"रेघ वर धरली आणि वरून दाबली. वाकडीतिकडी कोण लावतं? पूजेला मांडायचं होतं." मग घाबरून, "का? तेही चुकलं का?"

मी हसले की रडले ते मला आता सांगता येणार नाही. नॉबची वरची टोपी नुसती टोपी असते. आतल्या दांडीला बारीक दाते असतात, टोपी कुठल्याही कोनात बसते. फिरते ती दांडी. आईंनी टोप्या धुतल्या होत्या आणि सगळ्या सरळ बसवल्या होत्या. दांड्या जिथल्या तिथे होत्या, वरदने सोडल्या तिथे. शून्य कुठे धरायचं हे मोजणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि आईंनी ते नकळत ठरवून टाकलं होतं. आता रेघ सरळ वर, म्हणजे वरद.

बिघडवलं होतं ते मी. पहिले दोन नॉब, फोटो बघून. ते मी परत वर आणले, पत्र्यावर प्रत्येक नॉबच्या माथ्याशी जी खूण असते तिच्याशी कुंकवाचा ठिपका जुळेपर्यंत. दुसरा बारीकसा पुढे गेला, मागे आणला.

"म्हणजे राहिलंय ते?" आईंनी विचारलं.

"राहिलंय."

"मग माझं चुकलं नाही."

"चुकलंच. पण चांगलं चुकलं."

"हं," त्या म्हणाल्या, "सोनं तरी घे मग." आपट्याची पानं इथे कुठली, त्यांनी समोरच्या झुडपाची दोन पानं तोडून आणली होती. ती माझ्या हातात ठेवताना त्यांचे हात अजून गार होते.

शुक्रवारी गाडीत पेटी आईंच्या मांडीवर होती. मिल्टन कीन्समध्ये कुठेही जायचं म्हणजे एकामागून एक राउंडअबाउट. प्रत्येक वळणावर आई दोन्ही कोपरं बाहेर काढून पेटी सावरत होत्या, भरलेलं ताट नेतात तसं. नॉबांना स्पर्श नको म्हणून हात खालून धरलेले.

"हळू घे की. मागचा हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे."

"हळूच घेतेय, आई."

"लहानपणी रेडिओला हात लावू द्यायचा नाही मला," त्या मध्येच म्हणाल्या. "स्टेशन मी हलवलं की झुरळ झटकावं तसं माझं बोट झटकायचा. बघायचासुद्धा नाही माझ्याकडे. 'आई, हात नको लावूस.' एवढंसं पोर. मागच्या वर्षी आले होते तेव्हा ह्या पेटीवर फडकं मारायला गेले, तेव्हाही तेच. केस पांढरे झाले तरी तेच."

मी वेग कमी केला. समोर ट्रक होता.

युनिटमध्ये बेथनने शांत खोली घेऊन ठेवली होती. वरद व्हीलचेअरमध्ये, समोर आडवा ट्रे. दाढी त्यांनी चांगली केली होती; तो नेहमी मानेवर सोडायचा तेवढी जागासुद्धा. उजवा हात उशीवर, डावा ट्रेच्या कडेला. डावा थोडा तरी जागा आहे असं डॉक्टर म्हणत. फोनवर रेकॉर्ड करून आणता आलं असतं, पण बेथनला वस्तूच हवी होती, वजन आणि स्पर्शासकट. मी आवाजाचं यंत्र खिडकीत ठेवलं, वायर जोडली, पेटी ट्रेवर ठेवली. कोपऱ्यातलं एक बटण दाबलं की पेटी सोळाही नॉबांची स्थिती एकदम पाठवते. वरद रोज पहिल्यांदा तेच दाबायचा.

"तयार?" बेथनने विचारलं.

मी दाबलं.

खाली एक जाड सूर, त्याच्यावर जवळजवळ तसाच दुसरा, आणि दोघांमध्ये ती धडधड, संथ, झोपलेल्या माणसाच्या श्वासापेक्षाही संथ. वर कुठेतरी बारीक खरखर येत होती आणि ओसरत होती. मी तो तुकडा पहिल्यांदाच ऐकत होते. अर्धवट काही तो ऐकवत नसे. मला त्यातलं फार कळत नाही, पण तो एप्रिलमधल्या त्या रात्री सुखात होता, एवढं कळलं.

वरद खिडकीकडे बघत होता.

बेथनने त्याचा डावा हात उचलून नॉबांवर ठेवला. बोटं तिथे पडून राहिली, हातमोज्यासारखी. तिने त्याच्या कानाशी त्याचं नाव घेतलं. त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या. ते तो दिवसभर करतो. हात घसरून परत ट्रेच्या कडेला आला. सूर चालू राहिला. त्याला संपायचं माहीतच नव्हतं. बेथनने हातातल्या पॅडवर काही लिहिलं नाही, आणि मला ते न लिहिणं दिसत होतं.

"आपण अजून थोडं थांबू," ती म्हणाली. ती भली आहे. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

मी त्याच्या गुडघ्याजवळ उभी होते आणि माझ्या डोक्यात समुद्राकाठचं ते नर्सिंग होम होतं. मी फोटो पाहिला होता, मोठ्या खिडक्या होत्या. तिथेही तो खिडकीकडे बघेल. कुणी म्हणेल, त्याला समुद्र आवडतो वाटतं. नमुना संपला होता.

"आवाजच बारीक आहे गं," आई म्हणाल्या. "त्याला ऐकू तरी जातंय का? मोठा कुठल्या बटणाने होतो?"

"आई, राहू द्या."

"हे असेल."

"आई, हात नका लावू!"

पण त्यांनी फिरवलं होतं. दुसऱ्या ओळीतला नॉब, आवाजाचा नव्हेच, सुराचा. वरचा सूर सरकला, धडधड फाटली आणि खोलीत काहीतरी कर्कश, आंबट पसरलं. बेथनचा चेहरासुद्धा वाकडा झाला.

वरदच्या कपाळावर आठी पडली.

मग त्याचा डावा हात निघाला. हवेत उचलला नाही. ट्रेवरून फरफटत, थांबत, पुन्हा फरफटत आला. पेटीच्या कडेला अडला. कडेवर चढला. तर्जनी आईंच्या बोटाला लागली आणि तिने ते बोट ढकललं. बाजूला.

डोळे खिडकीकडेच होते.

मग आई एवढंच म्हणाल्या, "बघ. बघायचासुद्धा नाही."

"मोठा, अचानक आवाज होता," बेथन हळू म्हणाली, स्वतःलाच सांगितल्यासारखी. "दचकणं असू शकतं." तिने मला नॉब परत सरळ करायला सांगितला. सूर पुन्हा शांत झाला. थोडं थांबून तिने त्याच्या कानामागे जोरात टाळी वाजवली. पापण्या लवल्या, हात जागचा हलला नाही. मग तिने मला तोच नॉब फिरवायला लावला, पण माझं बोट लगेच काढून घ्यायला सांगितलं. आठी पडली. हात ट्रेवर थोडा सरकला आणि थांबला.

"आता त्यांना सांग. तसंच. आणि बोट तिथेच ठेवायचं."

मी आईंना सांगितलं. त्यांनी फिरवलं. आम्ही वाट पाहिली. तो घाण सूर चालू होता, बाहेर कॉरिडॉरमध्ये जेवणाची ट्रॉली गेली, आणि हात आला नाही. आईंनी बोट नॉबवरच ठेवलं होतं.

"दमला असेल," मी म्हणाले.

"दमला असेल," बेथन म्हणाली. आम्हा दोघींनाही माहीत होतं की एकदा म्हणजे काहीच नाही. मी नॉब सरळ केला, कुंकवाचा ठिपका खुणेवर. सहा महिने मी हेच केलं होतं, सगळं होतं तसं ठेवलं होतं. आणि तो हलला होता ते बिघडवल्यावर.

"आई," मी म्हणाले, "दुसरं फिरवा. कुठलंही. वाट्टेल तसं."

"परत ओरडशील."

"नाही ओरडणार."

त्यांनी खालच्या ओळीतला एक धरला आणि शेगडी पेटवताना फिरवतात तसा गर्रकन फिरवला. खरखर एकदम उसळली, खोलीभर वाळू पडल्यासारखी. आणि त्या त्याच्याकडे वाकून अगदी भांडायच्या आवाजात म्हणाल्या, "लावते हात. काय करशील?"

हात आला. या वेळी सरळ, मघापेक्षा कमी अडखळत. तर्जनीने त्यांचं बोट नॉबवरून काढलं. आईंनी मुद्दाम परत ठेवलं. त्याने परत काढलं.

"ढकल रे," आई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "ढकल. अजून ढकल मला."

बेथन लिहीत होती. लिहिता लिहिताच दाराकडे गेली आणि कॉरिडॉरमधून जाणाऱ्या डॉक्टरना हाक मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सोमवारचं वचन मी देणार नाही, मृणाल. पण हे घेऊन मी त्या मीटिंगमध्ये बसू शकते."

डॉक्टर येईपर्यंत खरखर चालूच होती. वरदचं बोट त्या नॉबवर होतं. फिरवण्याइतकी ताकद त्यात नव्हती; नुसतं टेकलं होतं, आणि आठी तशीच होती. ठिपका खुणेपासून बराच दूर गेला होता. मी तो परत सरळ करायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.